बोर्ड ते महावितरण : बिलातल्या एका ओळीची वाटचाल

भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातल्या कोणत्याही घरचे वीजबिल उघडा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यांवर १६ टक्के वीज शुल्क, अशा ओळी एकाखाली एक दिसतात. पहिल्या तिन्हींचे दर वीज नियामक आयोगाच्या आदेशाने वर्षभरासाठी बांधलेले असतात. चौथी ओळ मात्र कधी शून्य, कधी उणे, तर कधी अचानक शे-दीडशे रुपयांची. राज्याच्या वीज मंडळाची साडेसहा दशकांची वाटचाल सांगताना धरणे, धुराडी आणि मेगावॉट मोजण्याची पद्धत आहे. मला त्यापेक्षा या चौथ्या ओळीचा माग काढावासा वाटतो. संस्थेला मंडळ म्हणा की कंपनी, तिच्या खर्चाचा तीन चतुर्थांशाच्या आसपास वाटा वीज विकत घेण्यातच जातो. ही घाऊक खरेदी महागली की तो भार कोणी, कधी आणि कोणत्या नावाने उचलायचा, या एकाच भांडणातून संस्थेतले बहुतेक मोठे बदल घडले.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झाले. भंडारा जिल्हा त्याआधी मध्य प्रांतात, मग मध्य प्रदेशात आणि १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात होता, त्यामुळे इथल्या विजेचा वारसा मुंबई-पुण्याचा नव्हे, खापरखेडा वीज केंद्राचा. पुढे १९७४ पासून कोराडी आणि १९८३ पासून चंद्रपूर ही केंद्रे सुरू झाली. कोळसा विदर्भाचा, पाणी विदर्भाचे, धूरही विदर्भाचा. चुलबंद आणि वैनगंगेच्या काठच्या या धानाच्या तालुक्यात तारा आल्या, डीपी बसल्या, विहिरींवर मोटरपंप आले. लोक संस्थेला ‘बोर्ड’ म्हणू लागले आणि आजही अनेक जण तसेच म्हणतात.

त्या काळात घाऊक आणि किरकोळ असा भेद ग्राहकाला दिसतच नव्हता. बहुतेक वीज मंडळच तयार करी, मंडळच वाहून नेई, मंडळच विकी. कोळसा महागला तर तो आकडा मंडळाच्या ताळेबंदात मुरे. दर किती वाढवायचे हे मंडळ आणि राज्य सरकार मिळून ठरवत. १९४८ च्या वीज पुरवठा कायद्यात पुढे मंडळाने मालमत्तेवर ३ टक्के शिल्लक राखावी अशी तरतूद आली खरी, पण ती शिल्लक दाखवण्यासाठी सरकारी अनुदानाचा टेकू लागे. शेतीपंपाचे बिल अश्वशक्तीवर, घरगुती बिल स्वस्त आणि उद्योगाचे महाग. विजेचा खरा खर्च काय, हे लाखांदूरच्या ग्राहकाने विचारण्याचे कारण नव्हते आणि विचारले असते तरी सांगणारे कोणी नव्हते. हे दिवस सुखाचे होते असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. खर्च झाकलेला होता, संपलेला नव्हता.

झाकण उडाले ते दाभोळमुळे. एन्रॉनच्या दाभोळ वीज कंपनीशी मंडळाने डिसेंबर १९९३ मध्ये खरेदी करार केला. ऑगस्ट १९९५ मध्ये युतीच्या सरकारने तो रद्द केला आणि १९९६ मध्ये नव्या अटींवर पुन्हा मान्य केला. पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. इंधन नाफ्था, किंमत डॉलरशी जोडलेली, आणि वीज उचलली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यायचे. पुण्याच्या ‘प्रयास’ गटाने गिरीश संत यांच्या पुढाकाराने या कराराची आकडेमोड आधीच जाहीर करून धोक्याचा इशारा दिला होता. तेलाचे भाव चढले, रुपया घसरला आणि २०००-०१ मध्ये काही महिन्यांत दाभोळचे युनिट ७ रुपयांच्याही पुढे गेले. मंडळाने मे २००१ च्या अखेरीस खरेदी थांबवली. माधव गोडबोले समितीने या व्यवहाराची चिरफाड केली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एन्रॉन दिवाळखोरीत गेली.

मला यातला एक मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दाभोळचा भाव भडकला तेव्हा प्रकल्पाच्या गुहागरपासून इतक्या दूर असलेल्या भंडारा जिल्ह्यातल्या घरालाही तो लागू होता, कारण मंडळाचा दर राज्यभर एकच. मुंबई शहर-उपनगरांच्या स्वतंत्र वीज कंपन्या सोडल्या तर आजही तसेच आहे. वीज कुठून आली याचा ग्राहकाच्या पत्त्याशी संबंध नाही. करार कोणी, कधी आणि किती वर्षांसाठी केला, याच्याशी मात्र आहे.

दरम्यान ५ ऑगस्ट १९९९ रोजी महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला. दर ठरवण्याचे काम मंत्रालयातून आयोगाकडे गेले आणि २००० मध्ये मंडळासाठी पहिला दर आदेश निघाला. आयोगाने इंधन आणि खरेदी खर्चातल्या फरकाच्या वसुलीला सूत्र घालून दिले : इंधन व इतर खर्च समायोजन, कार्यालयातल्या बोलीत ‘फोका’. त्याचेच पुढचे रूप म्हणजे आजचा इंधन समायोजन आकार. कल्पना साधी आहे. वर्षाच्या सुरुवातीला आयोग वीज खरेदीचा एक सरासरी खर्च गृहीत धरून दर मंजूर करतो. प्रत्यक्षात महिन्याचा खर्च जास्त झाला तर फरक ग्राहकाकडून घ्यायचा, कमी झाला तर परत द्यायचा. मंजूर मर्यादेपलीकडची गळती यात घुसडायची नाही आणि वसुलीला वरची मर्यादा ठेवायची. जे उरेल ते पुढच्या दर आदेशात ताळमेळ घालून वसूल करायचे.

पहिल्यांदाच घाऊक खर्चाला बिलावर स्वतःची ओळ मिळाली. ग्राहक चिडला, पण चिडायला आकडा तरी मिळाला. आयोगाच्या जाहीर सुनावणीत हरकत नोंदवता येऊ लागली. भंडाऱ्याच्या माणसाला त्यासाठी नागपूर गाठावे लागे, हा भाग वेगळा.

वीज कायदा २००३ आला आणि ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन झाले. महानिर्मिती वीज बनवणार, महापारेषण वाहून नेणार, महावितरण विकणार. लाखांदूरचे कार्यालय, लाईनमन, बिलावरचा ग्राहक क्रमांक सगळे तेच राहिले. भंडारा मंडळ, त्यावर गोंदिया परिमंडळ, त्यावर नागपूरचे प्रादेशिक कार्यालय अशी आजची उतरंड आहे. बदलले ते इतकेच की आता खापरखेड्याची वीजही महावितरणला विकतच घ्यावी लागू लागली. वितरण कंपनी ही कायमची गिऱ्हाईक झाली.

पण विकत घ्यायला वीज होतीच कुठे? दाभोळने पोळलेल्या राज्याने नवी केंद्रे उभारण्यात वर्षे घालवली आणि मागणी वाढत राहिली. सुशीलकुमार शिंदे सरकारने २००४ च्या निवडणुकीआधी शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली, निवडणुकीनंतर वर्षभरात ती मागेही घेतली गेली. त्यानंतरची सात-आठ वर्षे भारनियमनाची. ज्या फीडरवर गळती जास्त आणि वसुली कमी, तिथे अंधार जास्त, असे गट पाडले गेले. ग्रामीण भागात बारा-बारा तास लाईन नसे. गावठाण फीडर शेतीच्या फीडरपासून वेगळे काढण्याची मोहीम याच काळातली. मोटरपंप बंद असले तरी घरात दिवा राहावा, हा तिचा हेतू. इकडे पुण्याने २००६ मध्ये वेगळा मार्ग काढला. उद्योगांनी स्वतःचे जनित्र संच चालवायचे आणि त्याचा जादा खर्च शहरातल्या मोठ्या ग्राहकांनी द्यायचा. शहर भारनियमनातून सुटले. त्याच वर्षी आयोगाने महाग खरेदीसाठी ‘अतिरिक्त पुरवठा आकार’ आणला आणि ज्यांना अंधार कमी त्यांच्यावर भार जास्त, असे तत्त्व लावले.

म्हणजे त्या काळात घाऊक महागाई दोन चलनांत वसूल होत होती. पुण्यात रुपयांत, लाखांदूरला तासांत. बिल लहान येत असे, पण धानाला पाणी देण्यासाठी रात्री दोनला उठावे लागे, आणि झाडीपट्टीतली मंडईची नाटके भाड्याच्या जनरेटरवर रंगत. त्या जनरेटरच्या डिझेलचा हिशेब कोणत्याही दर आदेशात सापडणार नाही. स्वस्त वीज ही जेव्हा न मिळणारी वीज असते, तेव्हा तिला स्वस्त म्हणणे मला तरी पटत नाही.

तुटवड्यावर उतारा म्हणून महावितरणने २५-२५ वर्षांचे करार केले. त्यातले सर्वांत मोठे अदानीच्या तिरोडा केंद्राशी. ३,३०० मेगावॉटचे हे केंद्र २०१२ ते २०१४ या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाले. तिरोडा आज गोंदिया जिल्ह्यात आहे, १९९९ पर्यंत तो भंडारा जिल्ह्यातलाच तालुका. दुसरीकडे नागपूरच्या वाटेवर एनटीपीसीचे मौदा केंद्र, २,३२० मेगावॉटचे. त्याला पाणी पुरवणारे गोसीखुर्द धरण शेजारच्या पवनी तालुक्यात. दोन अजस्र केंद्रांच्या मध्ये हा जिल्हा, आणि दर मात्र साऱ्या राज्याचा.

या करारांचा व्यवहार गावच्या भाषेत सांगता येतो. दीर्घ मुदतीचे केंद्र म्हणजे सालगडी. काम असो-नसो, सालाचे ठरलेले द्यायचेच, वर कामाच्या दिवशी जेवण वेगळे. सालाची रक्कम म्हणजे क्षमता आकार आणि जेवण म्हणजे कोळशाचा खर्च. राज्य भार प्रेषण केंद्र रोज या सगळ्यांची कोळशाच्या खर्चानुसार यादी लावते, स्वस्त केंद्र आधी चालते, महाग केंद्र बसवून ठेवले जाते. तिरोड्यापाठोपाठ २०१४ नंतर कोराडी, चंद्रपूरचे नवे संच एकदम आले आणि मागणी अंदाजाइतकी वाढली नाही. सालगडी जास्त झाले. भारनियमन संपले ही मोठीच गोष्ट, पण बसून राहिलेल्या संचांचा क्षमता आकार दरात शिरला. अंधाराऐवजी आता अतिरिक्त विजेची किंमत मोजायची वेळ आली.

शिवाय कराराचा भाव कागदावर ठरला तरी अंतिम नसतो. तिरोड्यासाठी मिळालेला लोहारा कोळसा पट्टा ताडोब्याच्या शेजारामुळे हातचा गेला, पुढे देशांतर्गत कोळशाचे वाटप धोरणही बदलले. ‘कायद्यातील बदल’ या कलमाखाली कंपनीने भरपाई मागितली. आयोग, अपिलीय न्यायाधिकरण असा प्रवास करत प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले आणि कोळसा तुटवड्याच्या भरपाईबाबत मार्च २०२३ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. अशा निकालांची रक्कम शेवटी खरेदी खर्चातच धरली जाते. ज्या वर्षी वीज वापरली त्या वर्षीच्या बिलात जे नव्हते, ते कित्येक वर्षांनी येते. कदाचित तोवर घरातला ग्राहकही बदललेला असतो.

सालगड्याला पर्याय म्हणून नाक्यावरचा रोजंदार मजूरही होता. इंडियन एनर्जी एक्सचेंज २००८ मध्ये सुरू झाले. उद्या लागणारी वीज आज, दिवसाच्या ९६ पंधरामिनिटांच्या तुकड्यांत, बोली लावून घ्यायची. पाऊस-वाऱ्याच्या दिवसांत ती कराराच्या विजेपेक्षा स्वस्त पडते आणि महावितरणने त्याचा फायदाही घेतला. पण नाक्यावर सगळेच एकदम मजूर शोधायला आले की काय होते, ते २०२२ च्या उन्हाळ्यात दिसले.

मार्चमध्येच उन्हाची लाट, युक्रेन युद्धाने महागलेला आयात कोळसा, देशी कोळशाची टंचाई. मार्चच्या अखेरीस एक्सचेंजचा भाव युनिटला २० रुपयांच्या कमाल मर्यादेला भिडला. केंद्रीय वीज नियामक आयोगाने १ एप्रिलला ती १२ रुपयांवर आणली, पुढच्या वर्षी १० वर. राज्य मंत्रिमंडळाने मुंद्र्याच्या कोस्टल गुजरात कंपनीकडून ७६० मेगावॉट घ्यायला मंजुरी दिली. आयात कोळशावरचीच वीज ती. या वेळी भारनियमन मुख्यतः टळले, म्हणजे पैसे रुपयांतच मोजायचे ठरले. याआधी जवळपास दोन वर्षे ग्राहकाला झळ लागली नव्हती, कारण २०२० च्या आदेशात आयोगाने समायोजनासाठी एक निधी बाजूला ठेवायला लावला होता. चढाचे दिवस त्यातून भागत. २०२२ पर्यंत तो निधी संपला.

मार्च ते मे या तीन महिन्यांचा वाढीव खर्च जून ते ऑक्टोबर अशा पाच बिलांत वसूल झाला. पहिल्या १०० युनिटांवर ६५ पैसे, १०१ ते ३०० वर १ रुपया ४५ पैसे, ३०१ ते ५०० वर २ रुपये ५ पैसे, त्यापुढे २ रुपये ३५ पैसे. महिन्याला ९० युनिट जाळणाऱ्या घरावर ५८ रुपये ५० पैसे, त्यावर १६ टक्के शुल्क धरून ६७ रुपये ८६ पैसे. १५० युनिटच्या घरावर शुल्कासह १५९ रुपये ५० पैसे. घाऊक महागाईवर सरकारचे शुल्कही वाढते, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही.

वर्तमानपत्रांनी पैशांचे आकडे छापले. माझे लक्ष महिन्यांकडे जाते. लाखांदूरसारख्या धानाच्या मुलखात जून ते ऑक्टोबर हे हातात पैसा नसण्याचे महिने. परे, चिखलणी, रोवणी, खत, निंदण, सगळा खर्चच. नवे धान बाजारात जाते ते दिवाळीच्या आसपास. उन्हाळ्यात, जेव्हा कूलर चालतो आणि उन्हाळी धानाचे पंपही, तेव्हा वीज महागल्याचा पत्ता ग्राहकाला लागत नाही. तो लागतो रोवणीच्या मजुरीची जुळवाजुळव चालू असताना. सूत्रात दोन-तीन महिन्यांची फट हिशेबाच्या सोयीसाठी ठेवली आहे, यात कोणाचा कावा नाही. पण पगारदाराला जी फट जाणवतही नाही, ती धान उत्पादकाला सर्वांत वाईट वेळी गाठते. वाढीव भावाचा संकेत वापर कमी करायला उपयोगी पडतो, असे अर्थशास्त्र सांगते. पावसाळ्यात आलेला उन्हाळ्याचा संकेत कोण, कसा वापरणार?

ऑक्टोबरनंतर ती ओळ बारीक झाली, पण खर्च गेला नाही. तो दुसऱ्या ओळीत सरकला. महावितरणने ६७,६४४ कोटी रुपयांची तूट दाखवून दरवाढ मागितली आणि ३१ मार्च २०२३ च्या आदेशाने आयोगाने ३९,५६७ कोटी मान्य केले. सरासरी वाढ पहिल्या वर्षी ७.२५ आणि दुसऱ्या वर्षी ७.४२ टक्के सांगितली गेली. ग्राहक संघटनांनी हा हिशेब मान्य केला नाही आणि बिल हातात घेऊन पाहिले तर त्यांचा मुद्दा कळतो. २०२२-२३ मध्ये पहिल्या टप्प्यात वीज आकार ३.३६, वहन आकार १.३५ आणि महिन्याचा स्थिर आकार १०५ रुपये होता. २०२४-२५ मध्ये ते अनुक्रमे ४.७१, १.१७ आणि १२८ झाले. त्याच ९० युनिटच्या घराचे बिल, शुल्क धरून पण इंधन समायोजन सोडून, सुमारे ६१३ वरून ७६२ रुपयांवर गेले. दोन वर्षांत जवळपास चोवीस टक्के. तात्पुरता म्हणून आलेला भार मूळ दरात विलीन झाला की तो दिसेनासा होतो. टक्केवारी ‘आधीच्या समायोजनासह’ मोजायची की त्याविना, यावर मग दोन्ही बाजू खऱ्या आकड्यांनी भांडत राहतात.

दुसऱ्या टप्प्याची उडी याहून मोठी. २०२४-२५ मध्ये शंभरावे युनिट वहन आकारासह ५ रुपये ८८ पैशांना होते, एकशे एकावे ११ रुपये ४६ पैशांना. विदर्भाच्या मे महिन्यात कूलर ही चैन नाही. पण कूलर सुरू झाला की घर त्या रेषेपलीकडे जाते. राज्यातले बहुसंख्य घरगुती ग्राहक एरवी शंभराच्या आत असतात, आणि त्यांना स्वस्त ठेवण्याची भरपाई वरचे टप्पे, दुकाने आणि कारखाने करतात. उन्हाळ्याचे तीन महिने लाखांदूरचे साधे घरही भरपाई करणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभे राहते.

सध्या संस्थेची मदार सूर्यावर आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ची, तिची दुसरी आवृत्ती २०२३ ची, लक्ष्य १६,००० मेगावॉट. उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभारून युनिटला ३ रुपयांच्या आसपासची ही वीज दिवसा शेतीपंपांना द्यायची. धान उत्पादकाची दिवसा पुरवठ्याची मागणी जुनीच आहे, त्यामुळे योजना इथे जिव्हाळ्याची. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल सरकार भरते, म्हणून पंपाचा खर्च स्वस्त झाला तर पहिला दिलासा तिजोरीला आणि उद्योगांना. घराच्या वाट्याला किती येतो, ते आयोगाच्या आदेशावर ठरते.

तो आदेश २०२५ मध्ये आला आणि त्याची कथा जरा विचित्र आहे. २८ मार्चला आयोगाने दरकपातीचा आदेश काढला. अंदाजात चुका असल्याचे सांगत महावितरणनेच त्यावर हरकत घेतली आणि २ एप्रिलला आयोगाने स्वतःच्या आदेशाला स्थगिती दिली. २५ जूनला सुधारित आदेश निघाला, १ जुलैपासून लागू झाला, आणि पहिल्या वर्षी १० टक्के, पाच वर्षांत २६ टक्के दर कमी होतील असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केले. सुधारित आदेशालाही न्यायालयात आव्हान मिळाले. स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत देण्याची तरतूद त्यात होती. ज्या घरातली माणसे दिवसभर शेतावर असतात, तिथे या वेळात चालते काय? फ्रिज असलाच तर फ्रिज. पंखा, टीव्ही, दिवे हे सगळे सूर्य मावळल्यावरचे, आणि नेमक्या त्या तासांत एक्सचेंजवर उन्हाळी भाव १० रुपयांच्या मर्यादेला टेकतो. दिवसाची स्वस्त वीज साठवून संध्याकाळी आणण्यासाठी बॅटरी आणि उदंचन जलविद्युत प्रकल्पांचे करार आता होत आहेत. तेही पुन्हा दीर्घ मुदतीचेच.

नवे दर लागू होऊन तीन महिनेही झाले नव्हते, तोच सप्टेंबर २०२५ च्या वापरावर इंधन समायोजन आकार परतला : टप्प्यानुसार ३५ ते ९५ पैसे. शंभराच्या आतल्या ९० युनिटच्या घरावर ३१ रुपये ५० पैसे, शुल्कासह साडेछत्तीस. बिले हातात पडली तेव्हा तालुक्यातले बरेच धान अजून बांधीत उभे होते.